न उतरल्याचा वडा

शोकसभेच्या मांडवाबाहेरचा फ्लेक्स वाचला तेव्हाच मी घरी परत फिरायला हवं होतं. त्यावर गावंडे सरांचा गॉगल लावलेला फोटो होता. या माणसाने उभ्या आयुष्यात गॉगल शर्टाच्या खिशातून बाहेर काढला नाही. फोटोवर तो कुणीतरी कॉम्प्युटरवर चढवला असावा. मागे भलंमोठं प्रवासी विमान होतं, तसलं त्यांनी कधी चालवलं नाही. आणि खाली लाल ठळक अक्षरांत, 'आयुष्यात कधीही माघार न घेणारे गगनवीर'. त्याखाली, 'शोकाकुल : राऊत परिवार, दर्यापूर'.

राऊत परिवार. म्हणजे ज्यांना सरांनी स्वतः घरी जाऊन, पाटावर बसून, घसा कोरडा होईपर्यंत समजावून सांगितलं होतं, त्यांनीच हे लिहावं. आत एकामागून एक वक्ते उठले आणि सगळ्यांनी फ्लेक्स वाचूनच भाषण केलं. सर कसे डगमगले नाहीत, सर कसे मागे हटले नाहीत. मला बोलायचं होतं. सूत्रसंचालक म्हणाला, वेळेअभावी प्राध्यापक साहेबांचे विचार आपण पुन्हा कधीतरी ऐकू. म्हणून जे तिथे राहून गेलं ते इथे लिहितो, आणि रागावून लिहितो आहे हेही आधीच सांगून टाकतो.

कारण गावंडे सरांनी जन्मभर दुसरं काही शिकवलंच नाही. त्यांनी माघार घ्यायला शिकवलं.

मी अकोल्याच्या एका कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालो. त्यानंतर काही वर्षं अमरावतीबाहेरच्या धावपट्टीवर विमान शिकवणारी एक लहानशी संस्था होती, तिथे पोरांना हवामान शिकवायला जात होतो. संस्थेचं नाव लिहीत नाही, लिहिण्याच्या लायकीची ती राहिली नाही. सर तिथे उड्डाण शिकवत. तेही अकोल्यात राहायचे, मूळचे अकोटकडचे. त्यांच्या जुन्या मारुतीतून आम्ही दोघं जायचो. मी प्राध्यापक होतो याची मला थोडी ऐट आहे हे त्यांनी पहिल्याच दिवशी हेरलं आणि मुद्दाम मला गुरुजी म्हणायला लागले, चौथीच्या वर्गावर असल्यासारखं.

सकाळी ते मला घ्यायला यायचे. माझ्या फाटकासमोर त्या वेळेला हमखास एक भाजीची गाडी उभी असायची. दुसरा कुणी असता तर हॉर्न वाजवला असता, नाहीतर जराशा फटीतून गाडी घातली असती. सर वेग कमी करायचे, अंदाज घ्यायचे, आणि मला तिथेच उभं सोडून सरळ पुढे निघून जायचे. पूर्ण कॉलनीला एक चक्कर मारून पुन्हा यायचे. तोवरही गाडी हलली नसेल तर पुन्हा चक्कर. मी डबा धरून फाटकात उभा, आणि माझ्या समोरून हा माणूस शांतपणे जातो आहे आणि येतो आहे. भाजीवाल्याला पहिले कित्येक दिवस वाटलं की हे गृहस्थ एखादं घर शोधत आहेत. शेवटी त्याने मलाच विचारलं, "काका, ते साहेब कोनाचा पत्ता इचारून राहिले?"

"सर, जागा होती की," मी गाडीत बसता बसता चिडून म्हणायचो.

"होती नं. पन पुरेशी नोती."

"मग हॉर्न वाजवायचा."

"धावपट्टीवर गाय आली त मी काय हॉर्न वाजवतो?" आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य. "फिरून येऊ नं गुरुजी. जागेची काय कमी हाय?"

रस्त्यावर 'जागेची', वर्गात 'आभायात जागेची'. एवढाच फरक.

ज्यांना विमानाचं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. विमान उतरताना जरा जरी बिनसलं, उंची जास्त झाली, वेग आटोक्यात नाही, वारा आडवा लागला, तर चाकं टेकवायची नाहीत. इंजिनाला पूर्ण ताकद द्यायची, वर जायचं, धावपट्टीला एक वळसा घालून पुन्हा यायचं. इंग्रजीत याला 'गो अराउंड' म्हणतात. पुस्तकात यावर एक परिच्छेद असतो. सरांच्या लेखी सगळं पुस्तक तेवढंच होतं. ते त्याला 'फिरून येनं' म्हणत.

उन्हाळ्यात कानाच्या हेडफोनखाली डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, पायात चप्पल, अशा अवतारात ते विमानापर्यंत चालत जायचे. तिथे चप्पल काढून बूट घालायचे. विद्यार्थी विमान उतरवत असताना स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचे, म्हणजे ते आपसूक विमान सांभाळायच्या दांडीकडे जाऊ नयेत. पोरं सांगायची की सरांच्या तोंडाकडे पाहून काही कळत नाही, पण हात मांडीखालून निघाले की समजायचं, आपलं चुकलं.

अकोल्याच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा होता, हुशार, हात फार मऊ. एकदा तो फारच उंच आला, मग विमान कसंबसं खाली दाबलं, डावीकडे घसरवलं, पुन्हा सरळ केलं आणि शेवटी असं अलगद टेकवलं की व्हरांड्यात उभी असलेली पोरं टाळ्या वाजवायला लागली. सर विमानातून उतरले आणि त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. दिवसभर नाही. तो बिचारा मागे मागे. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याला उभं केलं आणि कारण विचारलं.

"काल कावून जमलं?"

"सर, मी नंतर सावरून घेतलं."

"ते सांगू नोको. कावून जमलं ते सांग. उद्या जमन कावून?"

मुलगा वही चाळायला लागला.

"तुले माईत नाई. मलेई माईत नाई. मंग टाया कायच्या वाजल्या?"

'शेवटी जमलं ना' हे वाक्य त्यांच्यासमोर कुणी उच्चारलं की त्यांचं डोकं फिरायचं. क्रिकेटवर बोलणं चाललेलं असो की मुलीच्या लग्नाच्या जेवणावर, शेवटी जमलं ना म्हटलं की सर ताटावरून उठतील की काय अशी भीती वाटायची.

उतरण्याबद्दल त्यांनी कधी कुणाला शाबासकी दिल्याचं मी पाहिलं नाही. पण एक प्रथा त्यांनी सुरू केली होती. ज्या दिवशी विद्यार्थी कुणी न सांगता, स्वतःच्या मनाने, पहिल्यांदा फिरून येई, त्या दिवशी सर त्याला बडनेरा रोडवरच्या गाडीवर गिला वडा खाऊ घालत. दह्यात भिजलेला तो अमरावतीचा वडा, वर तिखट चटणी. पोरं त्याला 'न उतरल्याचा वडा' म्हणायची. जो पहिल्या प्रयत्नात झकास उतरला तो समोर उभा राहून पाहायचा, आणि जो उतरला नाही तो खायचा.

हा स्वभाव विमानामुळे आला की या स्वभावामुळे ते विमानात गेले, हे मला कळलं नव्हतं. एकदा मंदावहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, त्यावर उजेड पाडला. सर मुलगी पाहायला त्यांच्या घरी गेले तेव्हाची गोष्ट. बैठक घातलेली, आत पोहे तयार, आणि हे उंबऱ्यापर्यंत येऊन थांबले. आत त्याच वेळी वहिनींचे वडील आणि भाऊ यांची कशावरून तरी जुंपली होती. पाहुणे आले म्हणून दोघं गप्प झाले, तरी चेहरे तापलेलेच. सरांनी ते पाहिलं, हात जोडले, "आज नोको, मंग येतो," म्हणाले आणि तसेच बस स्टँडवर निघून गेले.

"गावात झालं," वहिनी सांगत होत्या. "पोरानं उंबऱ्यातून पाह्यलं न वापस गेला म्हने. पोरीत काय खोट हाय म्हने. माहे बाबा त तोंड लपवून हिंडे. न हे पुढच्या मयन्यात एकटेच आले बसनं, पोहे मांगतले न म्हन्ले, मले पसंत हाय."

"मंग?" सर आतून म्हणाले. "त्या दिवशी बसलो असतो त तुहा बाप हो म्हन्ला असता का?"

"म्हन्ला असता. इज्जतीसाठी म्हन्ला असता."

"तेच त सांगून राहिलो."

आता प्राची राऊतबद्दल. दर्यापूरची. घरची झेंडू-शेवंतीची शेती, बाजारात फुलांचं दुकान. वडील ती लहान असतानाच गेले आणि वडिलांच्या थोरल्या भावाने तिला वाढवलं. तिच्यासारखं आम्हीही त्यांना मोठेबाबा म्हणायला लागलो. धिप्पाड माणूस, आवाज मंडईतला. पुतणीवर जीव ओवाळून टाकणारा, पण त्यांनी एक अट घातली होती. एकटीने विमान उडवून खाली आणून दाखव, मग पुढचं शिक. नाहीतर स्थळ पाहू. घरात, नातेवाइकांत, सगळ्यांसमोर घातलेली अट ती. म्हणजे पहिलं एकटीचं उड्डाण तिच्यासाठी नुसतं उड्डाण नव्हतं. त्यावर तिचं पुढचं सगळं अडकलेलं होतं.

सर उड्डाणाचा दिवस घरच्यांना कधीच कळू द्यायचे नाहीत. पण एकदा प्राची सरांबरोबर सराव करत असताना मोठेबाबा सहज म्हणून जीपने आले आणि कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर उभे राहिले. त्या दिवशी उतरताना समोरून एक वावटळ उठली, काळ्या रानात एप्रिलमध्ये उठते तशी. प्राचीने ती पाहिली आणि सरांच्या तोंडाकडे न बघता विमान वर घेतलं. सरांचे हात मांडीखालीच होते. खाली आल्यावर ते मला शोधत वर्गात आले, आणि मी ढगांचे प्रकार शिकवत असताना मध्येच म्हणाले, "गुरुजी, सोडा ते ढग. पोट्टी आपल्या मनानं फिरून आली." त्या दिवशी वर्गातल्या सगळ्यांना वडा मिळाला.

आणि त्याच संध्याकाळी दर्यापूरच्या बाजारात बातमी फिरली की राऊताच्या पोरीला विमान उतरवता आलं नाही, मास्तरने वाचवलं. मोठेबाबांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. खाली आलं होतं आणि वर गेलं. याचा दुसरा काय अर्थ होतो? प्राचीच्या मावशीचा फोन आला, आत्याचा आला. बाई, झेपत नसेल तर सोडून दे. तिने समजावलं तर म्हणाल्या, आता असंच सांगावं लागतं. हे सगळं तिने मला व्हरांड्यात उभं राहून सांगितलं, रडत नव्हती, चिडलेली होती. मी म्हटलं, सरांना सांग. ती म्हणाली, "सर म्हन्तीन, लोकाइकडं कायले पाह्यतं. त्याइले काय जाते."

तिच्या पहिल्या एकट्या उड्डाणाचा दिवस मात्र फुटला. कुणी फोडला देव जाणे, ऑफिसमधल्या कुणाच्या तरी जिभेला हाड नव्हतं. सकाळी बघतो तर फाटकापाशी दोन जीपा. मोठेबाबा, आत्या, मावशी, चुलत भावंडं, आणि मागच्या बाजूला पोत्यात भरलेले झेंडूचे हार. आमच्या मॅनेजरला हे सगळं फार आवडलं. त्याने त्यांना आत बोलावलं, चहा पाजला, फोटो काढले. या सगळ्यात वेळ गेला. सकाळचा शांत वारा होता तो ऊन चढलं तसा जागेवरून उठायला लागला. खांबावरची, वारा दाखवणारी कापडी पिशवी आडवी व्हायला लागली होती. मी सरांना म्हटलं, "सर, वारा बदलतोय. आज राहू द्या." हवामान शिकवणाऱ्याने एवढं म्हणायचंच असतं.

"पाहून राहिलो," सर म्हणाले. विमानात शेजारी बसलेल्या प्राचीला त्यांनी विचारलं, "आज नाई केलं त?"

"सर, आज कराच."

त्यांनी एकदा फाटकाकडे पाहिलं. मावशी एका मुलाकडून हाराची गाठ सोडवून घेत होती. मग ते विमानातून उतरले, दार लावलं आणि हातात रेडिओ घेऊन गवताच्या कडेला उभे राहिले.

ती गेली छान. वळसा छान घेतला. उतरताना उंच आली, वेगही जास्त, आणि आडव्या वाऱ्याने विमान धावपट्टीच्या मधल्या रेषेवरून सरकायला लागलं. राऊत मंडळी तोवर बाहेर जाऊन कुंपणाला लागून उभी होती. सरांनी रेडिओवर सांगितलं, "गो अराउंड." पुन्हा सांगितलं. मग नियम-बियम विसरून ओरडले, "फिरून ये व, फिरून ये." विमान खालीच येत राहिलं. चाकं आपटली, विमान उसळलं, पुन्हा आपटलं, पुन्हा उसळलं, आणि मग पुढचं चाक आधी टेकलं आणि मोडलं. पंखा डांबरावर घासत गेला, तो आवाज मला अजून सहन होत नाही. विमान तोंड घासत बाजूच्या गवतात जाऊन थांबलं.

आम्ही पळालो. ती स्वतःच दार उघडून बाहेर आली होती. ओठ फुटला होता, बाकी काही नाही. सरांनी तिला मान हलवायला लावली, हाताची बोटं हलवायला लावली. मग विचारलं, "म्या सांगतलं ते आयकू आलं होतं?"

"हौ सर."

"मंग?"

तिने कुंपणाकडे पाहिलं. "सर, ते सगये पाहून राहिले होते."

कुंपणापलीकडून मोठेबाबा हात हलवत मोठ्याने विचारत होते, "उतरली नं, सर? उतरली नं पोट्टी?" मला त्यांच्या हातातले ते हार ओढून घ्यावेसे वाटले.

चौकशी झाली. आदल्या दिवशी मॅनेजर सरांना बाजूला घेऊन म्हणाला, रेडिओ खरखरत होता असं सांगा, म्हणजे मुलगीही वाचेल, तुम्हीही वाचाल, संस्थाही वाचेल. मला ती कल्पना वाईट वाटली नाही हे खरं. सर समितीपुढे गेले आणि म्हणाले, रेडिओ साफ होता. मी सांगितलं, तिने ऐकलं, तिने केलं नाही. आणि मग पुढे म्हणाले, पण तिच्या मनावर कुंपणाजवळच्या लोकांचं ओझं होतं हे मला माहीत होतं, वारा वाढतो आहे हेही दिसत होतं, तरी मी तिला सोडली. ती चूक माझी. म्हणजे दोन्ही बाजूंनी खरं बोलून त्यांनी दोघांचंही नुकसान करून घेतलं. प्राचीचं उड्डाण काही महिने थांबलं, पुन्हा सगळा सराव करायला सांगितलं. आणि पालकांना काहीतरी दाखवावं लागतं म्हणून संस्थेने सरांना नमस्कार केला. ज्या माणसाने सगळी हयात फिरून यायला शिकवण्यात घालवली त्याला, ते न केल्याच्या अपघातासाठी, घरी पाठवलं. त्या दिवशी मी मॅनेजरला जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही.

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूर मागे पडलं. मग सर म्हणाले, "गुरुजी, पोरीले फिरून येता नाई आलं असं लोकं म्हन्तीन. पन आंदी मले नाई आलं."

"तुमचा काय संबंध?"

"लोकं हार घेऊन आले होते नं. चहा पेऊन बसले होते. त्याइले आज नोको, वापस जा, असं म्याच म्हनाले पाह्यजे होतं. तोंडातून शब्द निंगाला नाई." समोरचा ट्रक बाजू देत नव्हता. सरांनी ओव्हरटेक करायला बाहेर काढलेली गाडी पुन्हा ट्रकच्या मागे घेतली. "उंबऱ्यातून वापस आलो तवा मी जवान होतो. आता भीड पडते."

मी काहीतरी समजुतीचं बोललो. ते त्यांनी ऐकलं नाही.

दर्यापूरला स्थळ पाहणं सुरू झालं आहे असं प्राचीने फोनवर सांगितलं, तेव्हा सर म्हणाले, चला. आम्ही गेलो. राऊतांच्या अंगणात फुलांचे ढीग, बाया हार ओवत बसलेल्या. आम्हाला पाट दिले, जेवायला वाढलं. जेवणानंतर सर बोलायला लागले आणि बराच वेळ बोलले. जमिनीवर बोटाने धावपट्टी काढली, त्यावर झेंडूचं फूल ठेवून ते विमान म्हणून खाली आणलं, वर नेलं, गोल फिरवलं. ज्याला वर जायची सोय आहे त्याने रडतकढत खाली का यावं, हे विचारलं. मोठेबाबा मान हलवत होते. बाया हार ओवायच्या थांबून ऐकत होत्या. मला वाटलं, आता कळलं.

सर थांबल्यावर मोठेबाबा म्हणाले, "सर, तुमी लाख बोलले. पन उतरता नाई येनं म्हन्जे नाईच येनं नं?"

सरांनी ते फूल जमिनीवर ठेवलं. मी त्यांना इतकं थकलेलं कधी पाहिलं नव्हतं.

मोठेबाबाच पुढे म्हणाले, "आयका. आमच्या पोरीपायी तुमची नोकरी गेली. तुमी आमच्या दारात आले. मंग तुमच्या शब्दाखातर एक खेप अजून. पोट्टी शिकन. पन या खेपेले एका दमात उतरली पाह्यजे."

परवानगी मिळाली. मी खूश होतो. सर गाडीत बसल्याबरोबर भडकले. "माह्या शब्दाखातर नोको होतं मले. समजून पाह्यजे होतं. एका दमात म्हने. पुन्हा तेच डोक्यावर ठेवलं पोट्टीच्या." दर्यापूरच्या वेशीपर्यंत ते हेच बोलत होते, आणि खरं सांगायचं तर त्यांचंच बरोबर होतं.

त्यानंतरचं शेवटचं.

पावसाळा संपून थंडी पडली होती. प्राची नव्या शिक्षकाच्या हाताखाली सराव करत होती. एक दिवस सरांचा फोन आला, "उद्या हाय म्हन्ते. चालता का?" सरांना आता आत जायचा पास नव्हता. मला होता, पण मीही बाहेरच थांबलो. आम्ही पोचलो तर कुंपणापाशी जीप होतीच. एकच, हे त्यातल्या त्यात बरं. हार होतेच. मोठेबाबांनी सरांना पाहून पायाला हात लावायचा प्रयत्न केला, सरांनी तो वरच्या वर अडवला.

विमान वर गेलं, वळलं, आणि आमच्या समोरून उतरायला आलं. मला तर सगळं ठीकच वाटत होतं. थोडंसं उंच असेल. मोठेबाबांनी हार दोन्ही हातांत धरून ठेवला होता. विमान खाली, आणखी खाली, आणि एकदम इंजिनाचा आवाज भरला. चाकं न टेकवता ते धावपट्टीवरून तसंच पुढे गेलं आणि वर चढायला लागलं.

मोठेबाबांचे हात खाली आले. हार जीपच्या बॉनेटवर ठेवून त्यांनी खिशातून फोन काढला आणि पाठ करून बोलायला लागले, "नाई ना. नाई उतरली. वरच गेली पुन्हा." मी त्या फोनकडे बघत होतो आणि मला तो हिसकावून गवतात भिरकावायची इच्छा होत होती. एवढी पाटावर बसून मेहनत केली होती, ती सगळी पाण्यात.

मागून टाळी ऐकू आली. सर एकटेच टाळ्या वाजवत होते. मोठ्याने, दोन्ही हात वर करून. या माणसाला मी कधी टाळी वाजवताना पाहिलं नव्हतं. जीपमधली पोरं त्यांच्याकडे, यांना काय झालं, अशा नजरेने बघत होती.

"आतून कोनी सांगतलं असन का तिले?" त्यांनी मला विचारलं.

"सांगितलं असेल."

"नाई. सांगून वर गेलं असतं त इतकं लवकर नसतं गेलं. आपल्या मनानं गेली." त्यांनी खिशात हात घालून गाडीची चावी काढली. "सगये पाहून राहिले होते, तरी गेली."

मला कुंपणापाशीच सोडून ते मारुतीकडे चालायला लागले. मोठेबाबांनी फोनवर हात ठेवून विचारलं, "सर, कुठी चालले? पोट्टी अजून वरच हाय. उतरू त द्या."

"ते उतरन," सर म्हणाले. "तिकडं वडे संपून जातीन."

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मी मुलीकडे नाशिकला गेलो आणि तिकडेच राहिलो. परत आलो तो त्या शोकसभेलाच. त्यामुळे सर मला आठवतात ते त्या दिवशीचे, असे. रस्त्याला बैलगाडी आडवी होती म्हणून त्यांनी मारुती वळवायची सोडून दिली, सरळ पुढे घेतली, लांबच्या फाट्यावरून फिरवली आणि पुन्हा आमच्या समोरून गेले. डोक्याला दुपट्टा, नजर समोर, तोंडाने काहीतरी गुणगुणत. वर प्राची वळसा घेत होती. त्यांनी तिच्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.